राजाची अडीच घरं

बुद्धिबळाच्या पटावर माणसाला खोटं बोलता येत नाही. कोर्टात येतं, कचेरीत येतं, संसारात तर त्याशिवाय भागत नाही. पण या चौसष्ट घरांत सत्याखेरीज दुसऱ्या कुणाला राहायला जागा नाही.

हे विचार माझे नव्हेत, आमच्या सामन्याच्या उद्घाटकांचे आहेत. एवढं बोलून त्यांनी समई पेटवली, अंगावरची शाल सावरली आणि उद्घाटनाची चाल म्हणून कोपऱ्यातला हत्ती उचलून आपल्याच प्याद्याच्या डोक्यावरून पलीकडे नेऊन ठेवला. बुद्धिबळात उडी फक्त घोडा मारतो, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोत साहेबांचे डोळे मिटलेले आले म्हणून हत्तीनं पुन्हा एकदा उडी मारली. साहेब दुसऱ्या उद्घाटनाला गेल्यावर पंच नरसिंग सरांनी हत्ती हळूच उचलला, जागेवर ठेवला आणि म्हणाले, बसा आता आपापल्या पटावर.

नांदेड आणि लातूर या दोन गावांच्या क्लबांचा हा दर वर्षीचा सामना. यंदा यजमान आम्ही, म्हणजे नांदेडकर. जागा एका मंगल कार्यालयाची, कारण एप्रिलमध्ये त्या दिवशी लग्नाची तिथी नव्हती आणि भाडं निम्मं होतं. स्टेजवर आदल्या लग्नाचा थर्माकोलचा महाल तसाच उभा होता, महालात नवरा-नवरीच्या दोन लाल खुर्च्या. नाश्त्याला चुरमुऱ्यांची सुशीला होती, तीही बहुधा आदल्या लग्नातली. आमच्यातला कुणी ग्रँडमास्टर होण्याचा धोका नव्हता. दोन्हीकडचे दहा-बारा जण, प्रत्येकाला अर्धा तास, घड्याळ दाबायचं, चाली लिहायच्या भानगडी नाहीत. संध्याकाळी ढाल घेऊन एका गावानं निघायचं, दुसऱ्यानं नशिबाला बोल लावायचा.

खेळ सुरू होण्याआधी नरसिंग सर नियम वाचून दाखवतात. कुणी ऐकत नाही, पण एक नियम त्या दिवशी कामाचा ठरला म्हणून सांगून ठेवतो. कुणी चुकीची चाल केली, तर समोरच्यानं हात वर करून पंचाला बोलवायचं. त्यानं बोलावलं नाही, पंचानंही पाहिलं नाही, आणि समोरच्यानं आपली पुढची चाल खेळून टाकली, तर झालेली चूक चूक राहत नाही. ती चाल पक्की धरायची. हा नियम परदेशातल्या संघटनेनं केला म्हणतात. मला तो आमच्याच एखाद्या ग्रामपंचायतीत झालेला ठराव वाटतो.

माझा डाव लातूरच्या मनतशा नावाच्या मुलीशी होता. तिनं दहावीचा शेवटचा पेपर नुकताच दिला होता आणि ती घाईत असावी. पहिला चहा फिरून माझ्यापर्यंत यायच्या आत मी मोकळा झालो. म्हणून पुढचं सगळं मला बघता आलं.

दोन्ही क्लबांचा एक रिवाज आहे. शेवटचा पट दोन्हीकडच्या सर्वांत वयस्कर माणसांचा. आमच्याकडून महेबूबभाई, लातूरकडून भीमाशंकरअप्पा. किती वर्षं हे दोघं त्या पटावर समोरासमोर बसताहेत, ते त्या दोघांनाही सांगता येणार नाही. आणि विचारलंच तर दोघं वेगवेगळं सांगतील, एवढं वैर.

महेबूबभाईंचं इतवाऱ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंखा, कूलर, विहिरीवरचा पंप, काहीही जळलेलं आणा. भाई मोटार उघडून तांब्याची तार नव्यानं भरून देतात. कार्यालयातला तो भला मोठा कूलरही त्यांनीच भरलेला. वारा चांगला यायचा. आवाज मात्र असा, की आत कुणीतरी ज्वारी मळतंय. माणूस सचोटीचा, आणि सचोटीच्या माणसाजवळ राहणं किती अवघड, हे त्यांच्या घरच्यांना विचारावं. सख्ख्या मेहुण्याला त्यांनी एकदा चाल परत घेऊ दिली नाही, तर मेहुणा दोन ईद घरी फिरकला नाही. एका वर्षी डाव चालू असताना भीमाशंकरअप्पांना शिंक आली आणि हात वजिराला लागला. भाई म्हणाले, "हात लागला, कंट्रोलरसाहेब. आता वजीरच हलवा." वजीर हलवण्यासारखा नव्हता. वजीर गेला, डाव गेला, ढाल गेली. अप्पांनी तेव्हापासून नांदेडला येताना सोबत सर्दीची गोळी ठेवायला सुरुवात केली.

कंट्रोलरसाहेब म्हणायचं कारण, अप्पा लातूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायचे. आवाज असा, की ज्यांना कुठंच जायचं नाही तेही पिशवी उचलायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी घरही बदललं नाही. स्टँडच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्या. बायको शांतम्मा वारल्यापासून एकटेच. पण अंथरुणात पडल्या पडल्या स्टँडचा भोंगा ऐकू येतो, चाकूरची लागली, उदगीरची सुटली, हे उठायच्या आधीच कळतं. त्या माणसाला एवढी सोबत पुरायची.

त्या दिवशी अप्पांबरोबर त्यांची लेक उज्वला आली होती. ती हैदराबादला शाळेत शिकवते. पट मांडले जात असताना तिनं महेबूबभाईंना चहाच्या टेबलामागं बाजूला घेतलं. मी तिथंच होतो, सुशीलेतला दाणा शोधत. ऐकू नये म्हणून मी तोंड फिरवलं. कानांना फिरवायची सोय नसते.

ती म्हणाली, अप्पांचं काहीतरी बिघडून राहिलंय. मागच्या महिन्यात एका पहाटे ते स्टँडवर गेले, चौकशीच्या खिडकीत बसले आणि बिलोली मुक्कामी गाडी पुकारायला लागले. ती गाडी बंद होऊन जमाना झाला. नवा कंट्रोलर भला माणूस, त्यानं चहा पाजून घरी आणून सोडलं. वाईट एवढंच झालं, की चार-सहा माणसं त्या गाडीची वाट बघत दुपारपर्यंत बसून राहिली. मग एक दिवस गॅस चालू राहिला. वर भांडं नाही, खाली जाळ नाही, नुसता गॅस. शेजारणीला वास आला म्हणून बरं. हैदराबादच्या डॉक्टरांनी तपासायला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तर अप्पांनी ते इतकं बिनचूक काढलं की डॉक्टरांनी मनगटावरचं आपलं मिळवून घेतलं. वार विचारला तर म्हणाले, वाराची पाटी चौकशीत लावलेली असते, तिथं बघा. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, बघू. पण रोज बघायला माणूस हवा, आणि उज्वला हैदराबादला अकराव्या मजल्यावर राहते. अप्पांना तिथं न्यायचं म्हटलं की ते दोन दिवस जेवत नाहीत.

शेवटी तोडगा अप्पांनीच काढला. म्हणाले, नांदेडला महेबूबसमोर बसतो. त्या माणसानं मला आजवर एक श्वास फुकट घेऊ दिला न्हाई. तो म्हटला अप्पा चुकले, तर मी गुमान बॅग भरतो. न्हाई म्हटला तर मी लातुरातच राहणार, अन् तू हा विषय परत काढायचा न्हाई.

"मला बुद्धिबळातलं काही कळत नाही, चाचा," उज्वला म्हणाली. "बॅग मी भरूनच आणलीय, डिकीत आहे, त्यांना माहीत नाही. तुम्हाला काही चुकलेलं दिसलं तर लपवू नका. तुम्ही लपवत नाही असं अप्पा सांगतात."

भाईंनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, बेटी, मी कुणाचंच लपवत न्हाई. हे सांगताना त्यांना थोडा अभिमानही वाटला असावा.

बसायला खुर्ची उरली नव्हती म्हणून उज्वला स्टेजवरच्या नवरीच्या खुर्चीत जाऊन बसली. तिथून तिला शेवटचा पट नीट दिसत होता. बापाचा निकाल लागेपर्यंत ती तिथं, मागं थर्माकोलचे मोर घेऊन, बसून राहिली.

डाव सुरू झाला. अप्पा पांढऱ्याकडून होते. बसल्या बसल्या त्यांनी मान वर करून कूलरकडं बघितलं.

"हा तुम्ही भरलाय का, भाई?"

"हाव. का, वारा येत न्हाई?"

"वारा बी येऊन राहिला, पाणी बी येऊन राहिलं. नुसतं पीठ तेवढं येत न्हाई."

भाईंनी घड्याळ दाबलं. दोघांच्या सुरुवातीच्या चाली नेहमीच्या होत्या. भाई फासा टाकणाऱ्यासारखे आवाज करून सोंगटी ठेवतात, अप्पा पाहुण्याला बसवल्यासारखी ठेवतात. अप्पांचा उंट बाहेर आला, घोडा बाहेर आला, राजासमोरची वाट मोकळी झाली. आता राजाला कोपऱ्याकडं नेऊन सुरक्षित करायची वेळ होती. याला किल्लेकोट म्हणतात. राजा दोन घरं बाजूला सरकतो आणि कोपऱ्यातला हत्ती त्याच्या पलीकडं येऊन पहाऱ्याला उभा राहतो. शाळेतलं पोरही करतं.

अप्पांनी राजा उचलला. क्षणभर हवेत धरला. आणि घोडा जसा अडीच घरं जातो, तसा तो नेऊन प्याद्यांच्या रांगेतल्या मोकळ्या घरात ठेवला. हत्तीला हात लावला नाही. घड्याळ दाबलं, पाणी प्यायले.

लांबून बघणाऱ्याला वाटावं, किल्लेकोट झाला. राजा जवळपास तिथंच तर बसला होता. नरसिंग सर त्या वेळी दुसऱ्या टोकाला एका घड्याळाचा सेल बदलत होते. पण मी जवळ होतो, आणि भाई तर समोरच.

भाईंचा उजवा हात वर गेला.

आता इथं मला थोडं मागं जावं लागेल. हे मला भाईंनीच नंतर दुकानात सांगितलं, तार गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडं न बघता. आज आपण खेळतो ते बुद्धिबळ पुस्तकातून आलं. त्याच्या आधी आमच्याकडं वेगळं होतं. त्यात किल्लेकोट नव्हता. त्यात राजाला, त्याला एकदाही शह मिळाला नसेल तोवर, आयुष्यात एकदा घोड्याची चाल माफ असायची. एकदाच. राजा आहे, एवढी तरी मुभा हवी, असा हिशेब. प्यादं एकेकच घर चालायचं. आणि वजिरानं मात केली तर ती नुसती मात. प्याद्यानं केली तर गावभर सांगायची. भाई हे धर्माबादच्या मिरची बाजारात, मामूच्या गादीवर, पोत्याला पाठ टेकून शिकले होते. अप्पा बिलोलीला, आई पार्वतम्माकडून, म्हणजे त्यांच्या अव्वाकडून. दुपारी पुरुष माणसं बाहेर गेली की ती कोळशानं फरशीवर पट आखायची, शेजारणीला हरवायची आणि पुरुष यायच्या आत पोतेऱ्यानं पुसून टाकायची.

म्हणजे भाईंना दिसली ती चूक नव्हती. त्यांना लख्ख दिसलं, की समोरचा माणूस आत्ता नांदेडात नाही, मंगल कार्यालयात नाही. तो बिलोलीत फरशीवर मांडी घालून बसलाय, आणि तिथं त्यानं केलेली चाल शंभर टक्के बरोबर आहे.

हात वर गेलेला तसाच होता. भाईंचं घड्याळ पळत होतं. स्टेजवर उज्वला खुर्चीत पुढं सरकली. त्या हाताला फक्त थांबून राहायचं होतं, नरसिंग सर आले असते, अप्पा चुकले असते, आणि स्टँडच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांना कुलूप लागलं असतं.

हात खाली आला, कानाशी थांबला, कान खाजवला. मग भाईंनी एक प्यादं पुढं सरकवलं आणि घड्याळ दाबलं. चूक पक्की झाली.

यानंतर अप्पा जे खेळले, ते मी त्यांना कधी खेळताना बघितलं नव्हतं. आमच्या क्लबात कुणालाच बघितलं नव्हतं. सोंगट्या पटावर अशा येत होत्या, जशा पूर्वी फलाटावर गाड्या लागायच्या. आपापल्या जागी, आपापल्या वेळी, कुणाला धक्का न लावता. भाई हरायला बसले होते असं कुणी म्हणेल. तसं नव्हतं. भाईंच्या कपाळावर घाम होता, कूलर समोर असून. ते मनापासून लढत होते आणि मार खात होते. डोक्यातलं अलीकडचं सामान कुणीतरी बाहेर काढून टाकलं होतं आणि तळाची जुनी पेटी मोकळी झाली होती, असं काहीसं ते होतं. बघायला सुंदर होतं. बघवत नव्हतं.

शेवटी अप्पांना वजिरानं एका चालीत मात करता येत होती. मनतशाकडून हरलेल्या मलाही ती दिसली. अप्पांनी वजिराकडं बघितलंही नाही. ते एक प्यादं चालवत राहिले. एक घर. मग एक घर. भाई डाव सोडू शकले असते, पण हात जोडल्यासारखे दोन्ही पंजे मांडीवर ठेवून ते त्या प्याद्याची वाट बघत बसले. प्यादं आलं. राजाला जागा उरली नाही.

"मात," अप्पा म्हणाले. मग जरा थांबून, "प्याद्यानं."

भाईंनी हात पुढं केला. लातूरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्या एका डावावर ढाल अडली होती. उज्वला स्टेजवरून खाली आली आणि सगळ्यांच्या देखत भाईंसमोर उभी राहिली. विचारायची गरज नव्हती.

"डाव चोख झाला, बेटी," भाई म्हणाले. "एक बी चूक न्हाई."

मी त्या माणसाला आयुष्यभर ओळखतो. हे त्यांचं पहिलं खोटं होतं आणि सवय नसल्यामुळं ते फार मोठ्यानं बोलले. उज्वलानं डोळे मिटले, उघडले. तिला आनंद झाला की भीती वाटली, मला सांगता येणार नाही. दोन्ही झालं असावं. ती नवऱ्याला फोन करायला बाहेर गेली.

पटाशी तिघं उरलो. तिसरा मी, पण मला कुणी मोजत नव्हतं. अप्पा सोंगट्या डब्यात भरू लागले. एकेक पुसून, आडवी ठेवून. पांढरा राजा हातात आला तसे थांबले.

"भाई, हा कसा गेला होता?"

"कोण?"

"माझा राजा. तुमचा तर मेला."

"किल्लेकोट केला की तुम्ही."

"हत्ती कोपऱ्यात बसून होता. एकट्या राजानं किल्लेकोट केला?"

भाई काळी प्यादी गोळा करू लागले.

"ठेवताना बरोबरच वाटलं," अप्पा म्हणाले. "एकदम बरोबर. अव्वा शेजारी बसल्यावाणी. मग तुमचा हात वर गेला. म्हटलं, झालं, भाईनं धरलं. अन् तो हात कानाकडं वळला. इतक्या वर्षांत तुमच्या कानाला कधी खाज सुटली न्हाई, भाई. तेव्हा मला कळलं, काय करून बसलो ते."

"मग तेव्हाच बोलायचं होतं."

"मी बोलून काय होतं? आता मी काय बी बोललो तरी सगळे हाव हाव म्हणतेत. दूधवाला हाव म्हणतो, डॉक्टर हाव म्हणतो. स्टँडवरल्या पोरानं मला बिलोलीची गाडी पुकारू दिली, वरून चहा पाजला. सगळे साखरेत घोळून राहिले मला. एक तुम्ही उरला होता." त्यांनी राजा डब्यात ठेवला. "आज तुम्ही बी सोडून दिलं. म्हंजे मी किती गेलो, बघा."

भाईंनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग म्हणाले, जाऊ द्या, एक चाल काय अन् दोन काय, कुणाला कळलंय. राहा की आरामात घरी. लेक पण मानली.

"गॅसचं तिला एकदाचंच ठाऊक हाय."

"अजून झालंय? किती वेळा?"

"ते आठवलं असतं तर गॅस चालू राहिला असता का?"

कूलरमध्ये ज्वारी मळली जात होती. बाकीच्या पटांवरून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

"भिंतीपलीकडं शेजारणीचे नातू झोपतेत," अप्पा म्हणाले. "सांगा तिला."

"मी न्हाई सांगणार."

"मी सांगितलं तर तिला वाटंल, बाप रुसून बोलतोय. मग ती मला समजवंल. मला कुणी समजवायला नको हाय आता. तुम्ही सांगा."

"कंट्रोलरसाहेब, मला हे होणार न्हाई."

"शिंकेला वजीर घेतला होता तुम्ही माझा."

"तो वजीर होता," भाई म्हणाले. "हे घर हाय."

"म्हणूनच," अप्पा म्हणाले.

उज्वला फोन करून परत आली. चेहऱ्यावर थोडं हसूही होतं; कितीतरी दिवसांनी आलं असावं, नीट बसत नव्हतं. अप्पांनी भाईंकडं बघितलं. भाई उठून उभे राहिले. त्यांनी जे सांगितलं ते तिच्या चपलेकडं बघून सांगितलं. मी तुला खोटं बोललो, बेटी. राजा चुकीचा गेला होता. मला दिसलं होतं. नव्या खेळात राजाला तसं जाता येत न्हाई.

उज्वलानं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "म्हणजे एक सोंगटी जरा इकडची तिकडं. एवढंच ना, चाचा?"

तिनं भाईंकडं बघितलं, बापाकडं बघितलं, शेवटी माझ्याकडंसुद्धा बघितलं. आमच्यापैकी कुणीतरी हो म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. तिला घेऊन जायचं होतं आणि न्यायचं नव्हतं. आम्ही कुणी हो म्हणालो नाही.

"ठरलं होतं ते ठरलं होतं," अप्पा म्हणाले. "बॅग डिकीत हाय ना?"

तिनं गाडीची किल्ली ओढणीआड केली.

"सकाळी निघताना मी माझा दाढीचा डबा त्यात घातलाय. अन् शांतम्माचा फोटो. कपड्याच्या खाली हाय, काच सांभाळून काढ."

उज्वला बसली. या वेळी साध्या खुर्चीत. तिनं ओढणी तोंडाला लावली, आणि तिच्या रडण्याला काही आवाज होता की नव्हता, ते कूलरमुळं कळलं नाही.

एवढ्यात नरसिंग सर आले. त्यांना बिचाऱ्यांना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. भाईंनी त्यांना सांगितलं की सर, कंट्रोलरसाहेबांची एक चाल चुकीची होती, मी बोललो न्हाई. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा काढला, घातला आणि म्हणाले, तुम्ही पुढची चाल खेळलात ना? मग ती पक्की. अप्पा जिंकले, लातूर जिंकलं, आता ते बदलत नाही. आणि ढाल आणायला गेले.

लातूरवाले बाहेर फोटोची जागा शोधत होते. अप्पांना तिथं जायचं होतं, मग गाडीत बसायचं होतं, आणि ती गाडी लातूरच्या उलट दिशेला निघणार होती. ते उठायच्या बेतात होते. भाईंनी त्यांचा दंड धरला.

महेबूबभाई एका वेळी दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. म्हणाले, हैदराबाद काय लांब हाय, मला तिकडं तार घ्यायला जावंच लागतं. दर महिन्याला येतो. पट नको, घड्याळ नको. अकराव्या मजल्यावर फरशी असंलच की, कोळसा मी इथून आणतो, तुमची अव्वा आखायची तसं आखू. राजाला अडीच घरं माफ. एकदा न्हाई, तुम्ही म्हणाल तेवढ्यांदा. प्यादं एकेक घर. मला ओळखलं न्हाई तरी चालंल, मी समोर बसंन, तुम्ही नुसती सोंगटी उचला. अन् खुदा की कसम, तुम्हाला शिंक आली तर मी बघणार न्हाई, दुसरीकडं तोंड करंन. इतक्या वर्षांत माझ्यासमोर बसणारा दुसरा कोण हाय मला.

उज्वलानं ओढणी खाली घेतली. मी खिशात रुमाल शोधत होतो आणि तो मिळत नव्हता. अप्पा डोळे मिटून सगळं ऐकत होते, मान किंचित कलती, जुन्या सवयीनं लांबची गाडी ऐकत असल्यासारखी. आम्हाला तिघांनाही वाटलं, आता हा माणूस उठून भाईंना मिठी मारणार.

अप्पांनी डोळे उघडले.

"ते बघू, भाई," ते म्हणाले. "आधी तेवढा तुमचा कूलर बंद करा. मान आखडून राहिली."